देवाशी रोजचं नातं कसं जोडावं: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

"देवाशी तुमचं वैयक्तिक नातं असलं पाहिजे" हे वाक्य आपण चर्चमधल्या संदेशांत शेकडो वेळा ऐकतो. ते जोडायचं कसं, हे शेजारी बसून सांगणारं मात्र फार कमी जणांना भेटतं. मग आपण आपल्या परीने सुरुवात करतो. वर्षाच्या पहिल्या तारखेला बायबल उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून वाचायला घेतो. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या अर्ध्यापर्यंत उत्साह टिकतो, निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकातले यज्ञांचे नियम आले की वाचन अडखळतं. प्रार्थनेत त्याच पाच-सहा मागण्या फिरून फिरून येतात. एक दिवस चुकतो, मग तीन दिवस चुकतात, आणि मनात निकाल लागून जातो: "आपण काही प्रार्थनेची माणसं नाही."

छोट्या अभ्यासगटांत बरीच वर्षं बसल्यावर माझं मत असं झालं आहे की या माणसांची श्रद्धा कमी नसते, त्यांचा क्रम उलटा लागलेला असतो. ऐकण्याआधी बोलणं सुरू होतं, ओळख होण्याआधी मागणं सुरू होतं, आणि संकल्प मोठा असला तरी बसायचं कुठे आणि कधी हे ठरलेलंच नसतं. मी स्वतः याच उलट्या क्रमाने कित्येक वर्षं काढली. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. खालच्या पायऱ्या देवाचं प्रेम मिळवण्यासाठी नाहीत. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असं प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो (५:८, म्हणजे पाचवा अध्याय, आठवं वचन). पहिलं पाऊल देवाने टाकलेलं आहे. आपण सवयी लावतो त्या या नात्यात राहण्यासाठी. हे विसरलात तर एक दिवस चुकला की देव रागावला असेल अशी भीती बसते, आणि भीतीपोटी माणूस आणखी लांब जातो.

## १. वेळ आणि जागा आदल्या रात्रीच ठरवा

मार्काच्या शुभवर्तमानाच्या (येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकाच्या) पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधार असतानाच उठतो, एकांत जागी जातो आणि तिथे प्रार्थना करतो (१:३५). आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर गावातले आजारी लोक दाराशी आणलेले होते, म्हणजे तो दमलेला असणारच. तरीही वेळ आणि जागा त्याने राखली. आपली गाडी नेमकी इथेच अडते.

वेळ ठरवताना ती आधीपासून पक्क्या असलेल्या एखाद्या कामाला बांधा. "सकाळी कधीतरी" असं ठरवलं तर ते होत नाही. "तोंड धुतल्यावर लगेच", "मुलं शाळेत गेली आणि दार लावलं की", "रात्रपाळीहून येऊन अंघोळ झाली की" असं ठरवलं तर होतं. पहाटच हवी असा नियम नाही. दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, आणि बायबलमधल्या ५५व्या स्तोत्राचा कवी संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळांचा उल्लेख करतो. डोकं ज्या वेळी जागं असतं ती वेळ द्या.

पहिले दोन महिने पंधरा मिनिटं पुरेत. तासभर ठरवणारे बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात थांबतात, आणि थांबल्याचं ओझं वर्षभर वाहतात.

जागा रोज एकच असू द्या. दार लावून प्रार्थना कर, असं येशू म्हणतो (मत्तय ६:६). घरात दार लावता येईल अशी खोली नसेल तर गच्चीचा कोपरा, जिन्यातली पायरी, कामावर लवकर पोचून बसायचं एखादं बाकडं, काहीही चालेल. त्या दाराचा अर्थ एवढाच की तिथे तुम्हाला कोणी पाहत नाही आणि कोणाला दाखवायचंही नाही.

सामान म्हणजे छापील बायबल, एक साधी वही आणि पेन. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. "मी ॲपवरच वाचते" असं अनेक जणी सांगतात. वाचा, त्यात पाप नाही. पण एक संदेश वाजला की पुढची दहा मिनिटं कुठे जातात ते तुम्हीच एकदा घड्याळ लावून पाहा.

तपासून घ्या: झोपण्याआधी "उद्या किती वाजता, कुठे बसून, कोणता उतारा" या तिन्ही प्रश्नांना उत्तर तयार आहे का? एकाचं जरी नसलं तर सकाळी सगळा वेळ ठरवण्यातच जाईल.

## २. काय वाचायचं ते निवडून ठेवा

नव्याने सुरू करणाऱ्याने मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, १६ अध्यायांचं, आणि त्यात येशू सतत काही ना काही करताना दिसतो. ज्याच्याशी नातं जोडायचं तो माणसांशी कसा वागतो हे आधी पाहायला नको का? रोज एक छोटा उतारा घ्या, साधारण दहा ते पंधरा वचनांचा. बायबलमध्ये उपशीर्षकं दिलेली असतात, त्यांनी कुठे थांबायचं ते कळतं. मार्क संपला की फिलिप्पैकरांस पत्र (४ अध्याय), मग योहानाचं शुभवर्तमान. सोबत रोज एक स्तोत्र. स्तोत्रं १५० आहेत, म्हणजे पाच महिन्यांत एक फेरी होते. ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, त्याला खुशाल आठवडाभर द्या.

लेवीय टाळायचं पुस्तक आहे असं मी म्हणत नाही. शुभवर्तमान आणि इब्री लोकांस पत्र वाचल्यावर ते उघडलंत तर तेच नियम तुमच्याशी बोलायला लागतील.

सावध: बायबल डोळे मिटून कुठेही उघडायचं, बोट ठेवायचं आणि तेच देवाचं उत्तर मानायचं, ही सवय सोडा. सुटं वचन रोज फोनवर येतं तेवढ्यावरही भागवू नका. यिर्मया २९:११ हे वचन किती भिंतींवर लावलेलं असतं! तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव तिथे सांगतो. पण ते बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं म्हटलंय, आणि त्याही आधी घरं बांधा, बागा लावा, तिथेच राहा असं सांगितलंय. सुटं वाचलं तर "माझं काम लवकर होणार" असा अर्थ निघतो. सगळं पत्र वाचलं तर लांबलेल्या प्रतीक्षेतही देव आपल्याला विसरलेला नाही हे कळतं. माझ्या मते दुसरा अर्थ अधिक आधाराचा आहे.

## ३. पहिली दोन मिनिटं काहीही करू नका

बसा. पाठ टेकवा. श्वास संथ होऊ द्या. मग एवढंच म्हणा: "प्रभू, बोल, तुझा दास ऐकत आहे." हे शब्द मंदिरात वाढणाऱ्या लहान शमुवेलाचे आहेत (१ शमुवेल ३). देवाने त्याला हाक मारली तेव्हा तो तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावला. आवाज ओळखायला त्याला वेळ लागला आणि एका वडीलधाऱ्याची मदतही लागली. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात काही "ऐकू" आलं नाही तर घाबरू नका.

मन भटकणारच. भरायचं बिल, करायचा फोन, राहिलेलं काम आठवलं की वहीच्या शेवटच्या पानावर एका शब्दात लिहून ठेवा आणि परत या. त्या विचारांशी झटापट करत बसलात तर दोनाची दहा मिनिटं होतील.

## ४. उतारा तीनदा वाचा

नातं खरं इथे जोडलं जातं, म्हणून ही पायरी सावकाश करा. पंधरापैकी निदान सात-आठ मिनिटं इथे जावीत.

पहिल्यांदा नुसतं वाचा, शक्यतो ओठ हलवत. काय घडलं, कोण कोण होतं, कोण काय बोललं, एवढंच पाहा. अर्थ काढायची घाई करू नका.

दुसऱ्यांदा वाचताना एकच प्रश्न विचारा: इथे देव कसा दिसतो? तो काय करतो, कशाने थांबतो, कोणाकडे पाहतो? बहुतेकांची चूक इथे होते. आपण लगेच "मला काय शिकायला मिळालं" यावर उडी मारतो आणि उताऱ्यातला प्रभू बाजूलाच राहतो. समोरच्या माणसाकडे न पाहता फक्त त्याच्याकडून काय मिळेल याचा विचार केला तर ओळख होईल का?

तिसऱ्यांदा वाचताना जिथे मन अडतं तिथे थांबा. एखादा शब्द टोचतो, एखादा सुखावतो, एखादा प्रश्न उभा राहतो. तो वहीत एका ओळीत लिहा.

एक उदाहरण घेऊ. मार्क १०:४६-५२, फक्त सात वचनं. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसला आहे. येशू जातोय हे कळताच तो ओरडू लागतो. लोक त्याला गप्प राहायला दटावतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" तो दृष्टी मागतो. ती मिळते, आणि तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो.

दुसऱ्या वाचनात काय दिसतं? गर्दीने ज्याला गप्प केलं त्याच्यासाठी प्रभू थांबला. आंधळ्याला काय हवं हे उघड होतं, तरी त्याने विचारलं, म्हणजे त्याला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि थोडं मागे गेलात तर याच अध्यायात, ३६व्या वचनात, येशूने हाच प्रश्न याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांनाही विचारलेला आहे. त्यांनी गौरवाची आसनं मागितली, भिकाऱ्याने डोळे मागितले. प्रश्न एकच होता.

तिसऱ्या वाचनात मी एकदा "गप्प राहा" या शब्दांपाशी अडले. घरातल्या एका व्यक्तीला मी अनेक महिने याच दोन शब्दांनी गप्प करत होते. उताऱ्यात मी स्वतःला बार्तीमयाच्या जागी बसवून वाचायला घेतलं होतं, आणि उठले तेव्हा कळलं की माझी जागा गर्दीत होती. तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

तपासून घ्या: वहीतली ओळ देवाविषयी आहे, की फक्त तुमच्याविषयी? आठवड्याच्या सातही ओळी "मी" ने सुरू होत असतील तर दुसरं वाचन घाईत होतंय.

## ५. आता बोला, आणि या क्रमाने बोला

प्रभूच्या प्रार्थनेचा क्रम नीट पाहा (मत्तय ६:९-१३). "आमच्या स्वर्गातील पित्या" ही हाक, मग देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. रोजची भाकर त्यानंतर येते, विनंत्यांमध्ये चौथी. आपल्या प्रार्थना भाकरीपासून सुरू होतात आणि बऱ्याचदा तिथेच संपतात.

सुरुवात आत्ता वाचलेल्या उताऱ्यातून करा. बार्तीमय वाचला असेल तर: "प्रभू, तू त्या माणसासाठी थांबलास. माझ्यासाठीही थांबतोस." झालं, संभाषण सुरू झालं. त्याने बोललेल्या गोष्टीला तुम्ही उत्तर दिलंत.

मग आभार माना, पण नेमके. "सगळ्या आशीर्वादांसाठी आभार" यात मनाला धरायला काही नाही. काल अमुक वाजता अमुक गोष्ट घडली, तिच्यासाठी आभार. रोज तीन, आणि कालचे तीन आज नाहीत.

मग मागा. मोकळेपणाने मागा, लहानसहान गोष्टीही मागा, बार्तीमयाने फिरवून-फिरवून मागितलं नाही. विनंतीशेजारी तारीख लिहा, आणि उत्तर आलं की त्याचीही तारीख लिहा. "नाही" आणि "थांब" हीसुद्धा उत्तरं आहेत, तीही नोंदवा. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि माझी कृपा तुला पुरेशी आहे हे उत्तर मिळालं (२ करिंथ १२). वही नसेल तर असली उत्तरं आपण विसरतो आणि देव गप्पच असतो असं म्हणत राहतो.

शेवटी दुसऱ्यांसाठी. रोज सगळ्या जगासाठी नको, दोन किंवा तीन नावं घ्या, वारांप्रमाणे वाटून.

भाषेबद्दल थोडं. व्यासपीठावरून ऐकलेली जड वाक्यं एकांतात नको. फार बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं समजू नका, असं येशूने स्पष्ट सांगितलंय. घरात जी बोली बोलता तीच बोला. राग असेल तर रागही सांगा. १३व्या स्तोत्रात पहिल्या दोनच वचनांत दावीद देवाला "कोठवर?" असं चार वेळा विचारतो, आणि ते स्तोत्र आपल्या बायबलमध्ये आहे. देवापुढे सगळं छान आहे असा चेहरा करून बसणाऱ्याचं नातं वर्षानुवर्षं ओळखीपुरतंच राहतं, हे मी फार जवळून पाहिलंय.

सावध: डोळ्यांत पाणी आलं म्हणजे प्रार्थना पोचली आणि काहीच वाटलं नाही म्हणजे पोचली नाही, हे माप फेकून द्या. रात्रीची झोप, तब्येत आणि हवा यांवरही भावना बदलतात.

## ६. उठण्याआधी एक पाऊल ठरवा

वचन ऐकून त्याप्रमाणे न करणाऱ्याला याकोब आपल्या पत्रात आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाची उपमा देतो (१:२३-२४). ही पायरी गाळली की काही महिन्यांत वाचन कोरडं होतं, आणि माणूस दोष वाचनाच्या पद्धतीला देतो.

पाऊल लहान असावं, नेमकं असावं आणि चोवीस तासांत होण्यासारखं असावं. "मी जास्त प्रेमाने वागेन" हे पाऊल नव्हे. "आज जेवताना त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही" हे पाऊल. कोणासाठी, कधी, काय, हे वहीत लिहा. काही उताऱ्यांतून कृती निघत नाही, नुसती आराधना निघते. तेव्हा ओढूनताणून काम शोधू नका.

मोठ्या निर्णयांची गोष्ट वेगळी. "देवाने मला सांगितलं" असं म्हणण्याआधी थांबून विचारा: हे शास्त्राच्या शिकवणीशी जुळतं का? ख्रिस्ताच्या स्वभावाला शोभतं का? ज्यांचा विश्वास आणि वागणूक तुम्ही वर्षानुवर्षं पाहिली आहे अशा दोघांना हे सांगितल्यावर ते काय म्हणतात? महिनाभराने हीच खात्री टिकते का?

सावध: एका सकाळच्या भावनेवर लग्न ठरवू किंवा मोडू नका, नोकरी सोडू नका, साठवलेले पैसे देऊन टाकू नका, आणि चालू असलेलं औषध बंद करू नका.

## ७. दिवसभर धागा धरून ठेवा

पारसच्या राजाचा यहूदी प्यालेबरदार नहेम्या राजासमोर उभा आहे. राजा विचारतो, तुला काय हवं? नहेम्या स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करतो आणि उत्तर देतो (नहेम्या २:४-५). प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली ती प्रार्थना किती असेल? एक श्वास, फार तर दोन. पण त्याआधीचा अध्याय वाचा. यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची बातमी त्याला यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली, राजासमोर तो उभा राहिला नीसान महिन्यात. मधल्या जवळजवळ चार महिन्यांची सुरुवात रडण्याने, उपासाने आणि प्रार्थनेने झालेली आहे. एका श्वासाच्या प्रार्थनेला त्या लांब प्रार्थनेचा पाया होता.

म्हणून "मी चालता-बोलता प्रार्थना करते, वेगळं बसायची गरज नाही" हे फार काळ चालत नाही, आणि सकाळी बसून उठल्यावर रात्रीपर्यंत देवाची आठवणच नाही, हेही चालत नाही. रोजच्या तीन कामांना एकेक छोटी प्रार्थना बांधा. कुलूप लावताना, गाडी सुरू करताना, अवघड फोन घेण्याआधी. "प्रभू, सोबत चल" एवढंही पुरतं. सकाळची एक ओळ कागदावर लिहून खिशात ठेवली तर दुपारी पुन्हा वाचता येते.

## ८. रात्रीचा आढावा आणि कबुली

झोपण्याआधी पाच मिनिटं. १३९व्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन वचनांत, देवा, माझं अंतःकरण तपासून पाहा, अशी विनंती आहे. तिथून सुरुवात करा. तपासणारा देव आहे हे लक्षात ठेवा. आपणच आपली उलटतपासणी घेत बसलो तर एक तर सबबी सांगतो, नाही तर स्वतःला झोडपतो.

सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवा. कुठे देवाची सोबत जाणवली? कुठे मी त्याच्याकडे पाठ फिरवली? ठरवलेलं पाऊल झालं का?

जे चुकलं त्याला त्याच्या नावाने हाक मारा. "माझ्या सर्व पापांची क्षमा कर" म्हणणं सोपं आहे. "मी आज अमुक माणसाबद्दल खोटं बोललो, कारण मला स्वतःला वाचवायचं होतं" हे जड आहे. कबुली ती. आपण पापं कबूल केली तर देव विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो आणि शुद्ध करतो, हे १ योहान १:९ मधलं आश्वासन अशा कबुलीसाठी आहे. आणि एकदा कबूल केलेलं रोज रात्री पुन्हा उकरू नका. कॅथलिक वाचकांनी धर्मगुरूंपुढच्या पापकबुलीची तयारी म्हणूनही हा आढावा वापरावा. वही फार उपयोगी पडते.

पुढचं पाऊल बहुतेक जण गाळतात. माणसाविरुद्ध केलेलं पाप फक्त देवाला सांगून मिटत नाही. वेदीवर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असा येशूने क्रम सांगितला आहे (मत्तय ५:२३-२४). जक्कय नावाच्या जकातदाराने ज्याला फसवलं त्याला चौपट परत करायचं कबूल केलं. आणि पेत्र पतींना लिहितो की पत्नींना मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही (१ पेत्र ३:७). प्रार्थना छताला आदळून परत येते असं वाटत असेल तर घरात आपण कोणाशी कसं बोलतो हे आधी पाहा. मी हे पुरुषांपुरतं म्हणत नाही.

तपासून घ्या: उद्या कोणाकडे तरी जाऊन क्षमा मागायची आहे का? असेल तर ते उद्याचं पाऊल. दुसरं शोधू नका.

## ९. एकट्याने चालू नका

नातं वैयक्तिक असलं तरी खासगी नाही. "पित्या" या हाकेआधी "आमच्या" हा शब्द आहे. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन चुकवून घरच्या घरी हे सगळं टिकवू पाहणाऱ्यांचं हळूहळू विझत जातं. इब्री लोकांस पत्राने एकत्र जमणं सोडू नका असं उगाच बजावलेलं नाही.

मंडळीशिवाय एक सोबती शोधा, जो आठवड्यातून एकदा विचारेल, "या आठवड्यात काय वाचलंस? पाऊल टाकलंस का?" उपदेश करणारा नको, ऐकून घेणारा आणि गोष्ट पोटात ठेवणारा हवा.

सावध: देवाची इच्छा फक्त माझ्यामार्फतच कळेल, असं सांगून तुमचे निर्णय, पैसे किंवा नाती स्वतःच्या ताब्यात घेणाऱ्यापासून दूर व्हा, मग त्याचं पद कितीही मोठं असो.

## १०. कोरडे दिवस आल्यावर

येतात. सगळ्यांना येतात. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, बोलायला शब्द नसतात, देव आहे की नाही असंही वाटून जातं. अशा वेळी पुढच्या क्रमाने पाहा.

आधी शरीर पाहा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९). देवाने त्याला काय दिलं? झोप आणि खाणं, आणि पुन्हा एकदा झोप आणि खाणं. वादळ, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा मंद आवाज हे सगळं पुढे आलं. तुम्ही नीट झोपत नसाल, आजारी असाल, कोणाच्या तरी मृत्यूनंतर अजून सावरला नसाल, तर आधी त्याकडे लक्ष द्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जा आणि जवळच्या माणसाला सांगा. तो विश्वासातला कमीपणा नाही. एलीयाला कोणी तसं म्हटलं नाही.

मग पाऊल पाहा. मागे वहीत लिहिलेलं एखादं पाऊल जाणूनबुजून टाळलंय का? पानं उलटा. बऱ्याचदा कोरडेपणा त्या तारखेपासून सुरू झालेला असतो.

दोन्हीकडे काही सापडलं नाही तर कारण शोधत बसू नका. वेळ निम्मी करा, पण जागा सोडू नका. स्वतःचे शब्द नसतील तर स्तोत्रांचे शब्द घ्या. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, आणि तरी ती प्रार्थना आहे. तेही जमलं नाही तर नुसतं बसा. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अवर्णनीय कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो (रोमकरांस ८:२६). तुमच्या गप्प बसण्याआतही प्रार्थना चालू आहे, ती तुम्ही करत नसलात तरी.

आणि मध्येच दिवस सुटले असतील, आठ असोत वा ऐंशी, तर मागचे अध्याय भरून काढायचा प्रयत्न करू नका. वहीत आजची तारीख टाका, जिथे खूण राहिली होती तिथून पुढचा उतारा उघडा, दोन मिनिटं शांत बसा आणि पहिलं वाचन सुरू करा.